मनीषाची मधाची बरणी

९ ऑक्टोबर, गुरु.
बाजारातून पाव आणि बिअरची एक बाटली आणली. बिअर पावासाठी, पाव झुरळांसाठी. दुकानदाराने कागदात गुंडाळताना हसू दाबलं. संध्याकाळपर्यंत वाडीत कळेल, नवरा बोटीवर आणि घाटावरची सून बिअर आणते. कळू दे. झुरळ (झु.) बिअरच्या पावाला भुलतं तितकं गुळाला भुलत नाही, करून पाहिलंय. बरणीच्या आत वरच्या कडेला व्हॅसलीन, तळाशी पाव, आणि बरणी मोरीपाशी. आत उतरता येतं, वर चढता येत नाही.

आई पडवीत अबोलीचा वळेसर गुंफत होत्या. बाटलीकडे पाहून म्हणाल्या, "तुझ्या पाव्हण्यांचो थाट बरो आसा."

गणपतीनंतर सासूबाईंनी केलेली ही पहिली थट्टा. म्हणून लिहून ठेवते.

१२ ऑक्टो., रवि.
बांगड्याचं तिखलं केलं आणि तिरफळं टाकायलाच विसरले. वर चिंचही जास्त. आईंनी मुकाट्याने जेवून ताट उचललं आणि म्हणाल्या, बरा झाला. खोटं. त्यांनी माझ्या कालवणाला नावं ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं. पूर्वी ठेवायच्या. "घाटी आमटी" म्हणायच्या आणि मागाहून वाटीभर सोलकढी पुढे सरकवायच्या.

आईंचा वाढायचा डाव खुंटीला लागलाय तो लागलाच. वाडीतल्या अंगणवाडीचं जेवण बचत गटातर्फे आई आमच्याच स्वयंपाकघरात रांधायच्या, माझ्या लग्नाआधीपासून. गणपतीनंतर एक दिवस अंगणवाडीच्या डब्यात मटकीच्या उसळीत झुरळाचं पिल्लू निघालं. उकडलेलं, अर्धं. त्याच सुमारास वाडीतल्या पोरांना जुलाब लागले होते. आरोग्य केंद्रात जिआर्डिया निघाला, आतड्यात राहणारा परजीवी. बाकीची पोरं औषधाने बरी झाली. शेजारच्या मनीषाची चिमी मात्र बरी होते आणि पुन्हा पडते. चार वर्षांचं पोर, गाल आत गेलेत.

आईंना कोणी एका शब्दाने बोललं नाही. जेवण "तात्पुरतं" वरच्या वाडीत दिलं, इतकंच. आई त्या दिवसापासून चहासुद्धा माझ्याकडून मागून घेतात.

झुरळांवर पीएच.डी. करणारीच्या घरातून उसळीत झुरळ. लोक तोंडावर हसत नाहीत ही त्यांची मेहेरबानी.

१६ ऑक्टो.
कॉलेजात तास संपल्यावर मायक्रोस्कोप मोकळा मिळाला. आमच्या मोरीतलं मोठं झु. उघडलं, आतडं काचपट्टीवर, आयोडीनचा थेंब. जिआर्डियाच्या लंबगोल सिस्ट, म्हणजे कवचात मिटलेले जंतू, दिसल्या. मनीषाकडच्या झु.तही. आणखी दोन घरांत जंतांची अंडी. झु. स्वतः आजारी पडत नाही, पायावर आणि विष्ठेत घेऊन घरोघर हिंडतं.

खरं तर उकळलेल्या उसळीतून जिआर्डिया होणं कठीण आहे, उकळीत सिस्ट मरते. ताटल्यांवरून होईल, उघड्या पाण्यातून होईल, विहिरीतूनही होईल (आरोग्यसेविकेला सांगून विहिरीत औषध टाकून घेतलं). पण हे मी कोणाला समजावू? सिस्ट डोळ्यांना दिसत नाही. उसळीतलं पिल्लू सगळ्यांनी पाहिलं.

ते पिल्लू मी तेव्हाच उचलून स्पिरिटमध्ये टाकलं होतं. कुपीवर लिहिलंय "डबा". पिल्लू असल्याने आणि अर्धंच असल्याने नुसतं पाहून जात सांगता येत नाही. पायातून डीएनए काढून पाहावा लागेल. पुण्याच्या लॅबला बाकीच्यांबरोबर पाठवते.

आता मनातलं. डब्यातलं पिल्लू आमच्या मोरीतलं की माझ्या बरण्यांतलं, हे वाडीने मला अजून विचारलेलं नाही. मीच स्वतःला विचारते आहे. मागच्या पडवीतल्या फळीवर माझ्या जिवंत झु.च्या बरण्या आहेत, घरागणिक एक. माझ्याकडच्या बाटल्या जूनमध्येच संपल्या, तेव्हा बायकांनी आपापल्या घरातल्या दिल्या. लोणच्याची, कॉफीची, मधाची. माझ्या पीएच.डी.च्या सरांची ताकीद होती की कुठल्या घरची झुरळं ते कोणाला कळता कामा नये. म्हणून मी वर नुसतं अ, ब, क लिहिलं, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. मी रोज पाहते. सगळ्या बंद असतात.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

२० ऑक्टो., नरकचतुर्दशी
पहाटे तुळशीपाशी आईंनी कारीट फोडलं, कडू बोट जिभेला लावलं, मलाही लावलं. मग फोव. इथली रीत म्हणजे सकाळभर एकमेकांकडे पोहे खात हिंडायचं. गेल्या वर्षी आईंनी ताकातले, गुळाचे, बटाट्याचे, रसातले असे किती प्रकार केले होते आणि दुपारी भांडी घासताना माझ्या नाकी नऊ आले होते. यंदा दूध-पोहे आणि बटाट्याचे, मी केलेले.

लोक आले. बसले, बोलले, नि.ची चौकशी केली, त्याची बोट आता कुठल्या बंदराला आहे विचारलं. बश्या हातात घेतल्या. बहुतेक बश्यांमध्ये पोहे तसेच राहिले. "घराकडसून पोट भरून इलव."

आईंनी एकेक बशी उचलून नेली. कोंबड्यांना घातलं. मला रडू आलं ते मी मोरीत नळ सोडून रडले. आई मागून येऊन म्हणाल्या की नळ बंद कर, टाकी रिकामी होईल. आणि पाठीवरून हात फिरवला.

२५ ऑक्टो.
नि.चा फोन. रेंज तुटत होती. आईला दे म्हणाला. "काय रांधलंस गो आये?" असं त्याने नेहमीप्रमाणे विचारलं. आई म्हणाल्या, वाटपाचो बांगडो. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता आत गेल्या.

३ नोव्हें., सोम.
सरांचा फोन. "डबा"मधून काहीच निघालं नाही. उकळल्यामुळे डीएनएचे तुकडे झालेत. बाकी सगळे नमुने व्यवस्थित. आणखी छोटा तुकडा धरून पुन्हा करून बघू म्हणाले, फार आशा ठेवू नका. सरांना वाटतं माझी घाई प्रबंधासाठी आहे.

समजा निघालं. समजा ते माझ्या बरणीतलं ठरलं. मग मी काय करणार आहे? लाऊडस्पीकर लावणार आहे?

हो. लावीन. आई सुटतील.

८ नोव्हें., शनि.
आजचं नीट लिहायला हवं.

आरोग्य केंद्रावर मनीषा भेटली. चिमीला पुन्हा आणलं होतं. बाकावर तिघी बसलो, चिमी माझ्या ओढणीच्या टोकाशी खेळत होती. मीच विषय काढला. म्हटलं, मनीषा, तुझ्या मनात आमच्याबद्दल काय असेल ते बोल, मी ऐकून घेते. ती गडबडली. म्हणाली, वयनी, राग कसला, मला भीती वाटते एवढंच. हिला काही खायला द्यायचं तर मी आधी बोटाने चिवडून बघते, माझ्या हातचं असलं तरी. आणि मग म्हणाली की काकी डब्याच्याच दिवशी संध्याकाळी आपण होऊन आमच्याकडे आल्या होत्या.

मला हे माहीत नव्हतं. आईंनी तिला सांगितलं होतं: "झाकणी माझ्या हातान उघडी रवली. सुनेच्यो बरण्यो सगळ्यो बंद होत्यो."

बरण्यांचं तिने विचारलंच नव्हतं म्हणे. काकींनीच सांगितलं.

घरी येऊन थेट मागच्या पडवीत गेले. बरण्या एकेक करून पाहिल्या. सगळ्यांना रबर. एकीला, मधाच्या बरणीला, रबर नाही. तिच्या तोंडाला केळीच्या सोपाचा, सुकल्या सालीचा दोरा, वर आडव्यातून उभा, आई अबोलीच्या वळेसराला मारतात तशी गाठ. हा दोरा मी पाहिलेला होता, दीड महिना रोज पाहत होते. रबर तुटलं असेल, आईंनी बांधला असेल, असं वाटून पुढे गेले होते. कधी तुटलं, कधी बांधला, हे एकदाही मनात आलं नाही.

९ नोव्हें.
सकाळी विचारलं. आई नारळ सोलत होत्या. प्रथम ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग सांगितलं. डब्याच्या दिवशी सकाळी, मी कॉलेजला गेल्यावर, बरणीवरचं फडकं सुटलेलं दिसलं. रबर खाली पडलेलं. हातात दोरा होता तो बांधला. दुपारी डब्याचं कळलं.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? माझी चूक तुम्ही का घेतलीत अंगावर?

"तुका ह्यांच्यात उभो जल्म काढूचो आसा," आई म्हणाल्या. "माका काय, माका सगळी वळाखतत."

आणि सोललेला नारळ माझ्या हातात देऊन उठल्या. आठ वर्षं या घरात आहे. या बाईवर माझं किती प्रेम आहे ते आज मला कळलं, आणि तिचा मला रागही आला. दोन्ही एकदम. नारळ फोडताना पाणी सगळं जमिनीवर सांडलं.

मनीषाला जाऊन खरं सांगते म्हटलं. आई म्हणाल्या, थांब. आधी तुझ्या पुण्याचं येऊ दे. नसेल आपल्या बरणीतलं तर उगीच कशाला.

म्हणजे त्याही वाट बघतायत. बोलत नाहीत एवढंच.

१९ नोव्हें., बुध.
निघालं! "डबा" दुसऱ्या खेपेला निघालं. छोटा तुकडा, पण वाचण्याइतका.

जात: ती बारीक, तपकिरी, मानेवर दोन पट्टे असणारी. पुस्तकात तिला जर्मन म्हणतात. आमच्या मोरीतली मोठी ती नाहीत. एवढं वाचून मी खुर्चीतून उठलेसुद्धा.

पुढचं वाचून बसले. "डबा"ची डीएनएमधली अक्षरं मधाच्या बरणीशी तंतोतंत जुळतात. आमच्या कपाटामागे सापडलेल्या बारक्या झु.शीही तंतोतंत. लोणच्याच्या बरणीशीही. कॉफीच्याही. वाडीतल्या सगळ्या बारक्या झु.ची एकच ओळ. लॅबने वाचला तो जीन फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात वाटा नाही. म्हणजे कधीतरी एक मादी आली, पोटाशी अंड्यांची पेटी धरून, आणि तिच्या लेकी-नातींनी वाडी भरली. आता त्यातली कुठली कुठल्या घरची हे हा जीन सांगू शकत नाही. बरणीतली असेल. कपाटामागची असेल. शेजारून आली असेल.

इतकी वाट पाहिली आणि उत्तर हे.

आईंना सगळं सांगितलं, जमेल तसं सोपं करून. जर्मन म्हटल्यावर म्हणाल्या, "जर्मनी खंयची? डोंबिवलीची असतली." चाकरमानी गणपतीला येतात, दोरीने बांधलेले खोके आणतात, खोक्याच्या घडीत तीही आली असणार. चाकरमानी परत गेले, ही राहिली. शास्त्रीयदृष्ट्या मला यात काही खोट काढता येत नाही.

मग: "म्हंजे हो आवशीचो धागो. तुझ्या पोरांक तुझ्या आवशीचो मिळतलो. माझो नाय."

मी हे त्यांना सांगणार नव्हते. आईंना मुलगी नाही. नि.कडे त्यांचा धागा आहे पण त्याला तो पुढे देता येत नाही, तिथेच संपतो. मी काहीतरी पुटपुटले, की तो एकच जीन आई, बाकी हजारो दोन्हीकडून येतात.

"मिळांदे," म्हणाल्या. "तुझी आवस बरी आसा. पोळी बरी करता."

उद्या तिरफळं विसरायची नाहीत.

२७ नोव्हें., गुरु.
देवळात कौल झाला. यंदा गावपळण. डिसेंबरच्या अकराला गाव सोडायचं, तीन रात्री शिवेबाहेर. आचऱ्याला असते तशीच आमच्याही गावाची. लग्न होऊन आले त्या सुमाराची एक पाहिली, मधली माझ्या परीक्षेमुळे हुकली. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी बाहेर. गावात जिवंत काही ठेवायचं नाही. मग पुन्हा कौल घ्यायचा, देवाने हो म्हटलं की परत.

वाडी खुशीत आहे. खोपींसाठी नारळाची झापं विणायला घेतलीत.

शिवेबाहेर रोज संध्याकाळी वाडीचा एकच टोप चढतो, काळ्या वाटाण्याचं सांबारं. तो आजवर आईंनी चढवला आहे, त्यांच्या आधी त्यांच्या सासूने. कौल झाला की लगेच बायका विचारायला येतात, काकी, वाटाणे किती भिजवायचे? तशी पद्धतच आहे, माहीत असलं तरी विचारायचं.

४ डिसें.
कोणी आलेलं नाही. आज आई पुढच्या पडवीत दुपारभर बसून होत्या. कोण जातंय येतंय ते पाहत. वाती वळत होते म्हणाल्या. इतक्या वाती आम्हाला वर्षभर पुरतील.

७ डिसें., रवि.
वाटाणे वरच्या वाडीतल्या बाई भिजवणार आहेत. दुकानात कळलं. आईंना मी सांगितलं नाही, त्यांना आधीच माहीत होतं.

१० डिसें.
सामान बांधलं. गाद्या, कंदील, तांदूळ, स्टोव्ह, कोंबड्यांचं खुराडं. आईंनी डाव खुंटीवरून काढला, पुसला, आणि पुन्हा खुंटीला लावला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

बरण्यांचं मी असं ठरवलं होतं: आत ओला कापूस ठेवायचा, फडकी घट्ट बांधायची, आणि राहू दे फळीवर. झु.ला तीन दिवस म्हणजे काहीच नाही. आई म्हणाल्या, नाही. गावात जिवंत काही ठेवायचं नाही. मी म्हटलं, आई, घराघरात भिंतींमागे किती आहेत, त्यांना कोण बाहेर काढणार?

"आपसूक आसत ती देवाची," त्या म्हणाल्या. "कोंडलंस ती आपली."

मी खोकं आणायला उठले. खरं म्हणजे बरं वाटलं. "आपली" म्हणाल्या.

बरण्या केळीच्या खोक्यात, मध्ये पेंढा. मुंबईहून येणारी झुरळं खोक्यातून येतात, आमची खोक्यातून शिवेबाहेर निघाली.

११ डिसें., गुरु.
टेंपोत गाद्या, गाद्यांवर कोंबड्या, कोंबड्यांशेजारी आई, आईंच्या मांडीवर झुरळांचं खोकं. शेजारची म्हातारी विचारते, काकी, त्यात काय? आई म्हणतात, सुनेची जनावरां. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दारं लावलेली, गोठे मोकळे. गाव असं गप्प मी इतक्या वर्षांनी ऐकलं.

शिवेपलीकडे माळावर झापांच्या खोपी, एकीला एक लागून. इथे भिंत नाही, दार नाही. कोणाच्या चुलीवर काय आहे, कोण कोणाशी अबोला धरून आहे, सगळं उघड्यावर.

संध्याकाळी टोप चढला. वाटप करपल्याचा वास आला. आई टोपाकडे पाठ करून कोंबड्यांना दाणे टाकत होत्या, वास आल्यावर त्यांचा हात थांबला. उठल्या नाहीत. आम्हालाही टोपातलं आलं. आईंनी सगळं संपवलं.

१२ डिसें., शुक्र.
सकाळी उन्हाला म्हणून बरण्या खोक्यातून काढून खोपीबाहेर चटईवर मांडल्या. रात्री गारठा होता, मेली तर सगळी मेहनत पाण्यात. अ, ब, क... कागद वरच्या बाजूला. मला वाटलं, कोणाला काय कळणार?

कॉलेजात शिकवते आणि अक्कल एवढी.

पोरं जमली, पोरांमागून बायका. एक म्हणाली, अगो, ही माझी लोणच्याची. दुसरी म्हणाली, कॉफीची ती माझ्या जावेची, तिने नुसतं पाहिलं आणि ओळखलं. बाईला आपली बरणी ओळखायला अक्षर लागत नाही. सरांची ताकीद तिथेच संपली. प्रत्येकीने आपापली उचलली, उन्हाकडे धरली, आत पाहिलं. प्रत्येकीच्या बरणीत झुरळं. कोणाकडे जास्त, कोणाकडे आणखी जास्त. अंगणवाडीचं जेवण सध्या ज्यांच्याकडे आहे त्या बाईंनी तर बरणी पदराआड धरली.

आणि मनीषाने मधाची बरणी उचलली. उलटी करून तळ पाहिला. तळाला गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका. हळदीकुंकवाला भांडी बदलतात म्हणून ती सगळ्यांवर लावते.

मला वाटलं आता नाही तर कधीच नाही. आई मागून "राहू दे" अशा अर्थाचं खाकरल्या, तरी बोलले. सगळ्यांसमोर. म्हटलं, मनीषा, डब्याच्या दिवशी ही एक बरणी उघडी होती. फडकं सुटलं होतं. आईंनी हा दोरा बांधला आणि दोष आपल्यावर घेतला. डब्यातलं पिल्लू यातलं असेल, नसेलही, पुण्याहूनही सांगता येत नाही. पण असलं तर चूक माझी. आईंची नाही.

मनीषाने दोऱ्याला बोट लावलं. बरणीतल्या झुरळांकडे पाहिलं, त्यांच्यातलं एक काचेवर चढू पाहत होतं आणि घसरत होतं.

"म्हंजे सुटला तां माझ्याच घरचा," ती म्हणाली. "माझाच माझ्याकडे परत इला."

पहिल्यांदा कोण हसलं ते ठाऊक नाही. मनीषा नव्हे. ती हसली नाही, ती चटईवर बसली आणि तिला रडू आलं, चिमीच्या दुखण्यात तीन महिने आलं नसेल तेवढं. आई तिच्याजवळ जाऊन बसल्या. माझ्या पाठीवरून फिरवतात तसा हात.

दुपारपर्यंत माळभर एकच. तुझी किती, माझी किती. "एका आवशीची झुरळां" हे आईंनीच कोणाला तरी सांगितलं, ते डोंबिवलीसकट सगळीकडे झालं. डोंबिवलीहून सुट्टी काढून आलेले काका रागावलेत.

१३ डिसें., शनि.
हसणं वेगळं आणि जेवणं वेगळं, हे मला कळतं. काल संध्याकाळीही टोप वरच्या वाडीतल्या बाईंनीच चढवला.

आज दुपारी त्या बाई आल्या. मनीषा बरोबर. बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, वाटपाचा अंदाज येत नाही, काल कांदा कच्चा राहिला. मनीषाने पुढचं विचारलं. "काकी, वाटाणे किती भिजवू?"

वाटाणे भिजवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. दुपारी भिजवलेले संध्याकाळी शिजत नाहीत, हे चिमीलाही माहीत असेल. पण विचारायची पद्धत आहे.

आई म्हणाल्या, आता कसले वाटाणे, उद्या निघायचं तर सकाळची पेज करू. वाडीला पुरेल एवढी. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, डाव घरी राहिला.

गावात जाता येत नाही. डाव कोणाचा तरी आणावा लागला. आईंनी तो दोनदा धुतला, उन्हात धरून पाहिला. पाणी स्वतः उकळून घेतलं. ताटल्या माझ्याकडून उकळत्या पाण्यातून काढून घेतल्या, माळावर, एवढ्या बायकांदेखत, एकेक. मला कॉलेजातले प्रयोग आठवले. तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते.

१४ डिसें., रवि.
शिवेवर बसून लिहिते आहे. मानकरी कौल घ्यायला गेलेत. सगळे सामान बांधून, होकाराचा ढोल ऐकायला देवळाच्या दिशेने कान देऊन बसलेत. कोंबड्या खुराड्यात, बरण्या खोक्यात, मनीषाच्या बरणीला तोच दोरा.

सकाळची पेज. आईंनी उजाडता चढवली. टोपावर झाकण, झाकणावर दगड. कोणी झाकण उचलून बघायला आलं तर हातावर मारत होत्या. पेज, लोणचं, भाजलेला सुका बांगडा. लोक येत गेले. घेतली, बसले, प्यायले. ताटल्या रिकाम्या आल्या. आई प्रत्येक ताटलीत बघत होत्या.

शेवटी मनीषा आली, चिमीचा हात धरून. मनीषाने आपली घेतली. चिमीने आपली वाटी पुढे केली. घरून आणलेली, तळाला गुलाबी ठिपका.

मनीषाने तिला पुढे ढकललं नाही, मागेही ओढलं नाही. चिमीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. उद्या सोमवारी त्या पोराची पुन्हा तपासणी आहे.

आईंनी डाव टोपात घातला आणि तिथेच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं.

"तुया सांग बाये. वाडू?"

मला काय माहीत? पेज उकळलेली आहे, ताटल्या उकळलेल्या आहेत, पाणी माझ्यासमोर उकळलंय. पण त्या पोराच्या पोटात काय उरलंय, उद्या काय निघेल, ते मला माहीत नाही, पुण्याला माहीत नाही. उद्या वाईट निघालं तर आजची पेज सगळ्यांच्या ध्यानात राहील, आणि ती कोणाच्या हातून वाढली गेली तेही.

म्हणून मी डाव धरला. म्हटलं, आई, मी वाढते.

त्यांना कळलं. मी का वाढते आहे ते लगेच कळलं. मला वाटलं त्या डाव सोडतील, किंवा माझ्या हातातून काढून घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. माझ्या हातावर आपला हात ठेवला, घट्ट, आणि आम्ही दोघींनी मिळून चिमीच्या वाटीत पेज घातली. अर्धी बाहेर सांडली.

चिमीने वाटी तोंडाला लावली. मनीषा बघत होती. आम्ही बघत होतो. मग चिमीने वाटी पुन्हा पुढे केली.

देवळाकडून अजून काही ऐकू येत नाही.